मांजरानं डॉग फूड खाल्लं तर चालतं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एका ओळीत उत्तर: चार दाणे कधीतरी खाल्ले तर काही बिघडत नाही, पण रोजचं जेवण म्हणून डॉग फूड मांजराला चालत नाही. नुकसान लगेच दिसत नाही, म्हणून ते बरेच दिवस चालू राहतं. कुत्रा आणि मांजर एकाच घरात असलेल्या किंवा गल्लीतल्या दोघांनाही खायला घालणाऱ्या नागपूरकरांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते खाली घेतले आहेत.

मांजरानं आत्ताच कुत्र्याच्या भांड्यातलं खाल्लं. काय करू?

बहुतेक वेळा काहीच करायचं नाही. स्वच्छ पाणी ठेवा, पुढचं जेवण नेहमीच्या वेळी नेहमीचंच द्या आणि २४ तास लक्ष ठेवा. एखादी उलटी किंवा थोडी पातळ शी झाली तर घाबरू नका, खाणं बदललं की असं होतं. मिठाचं पाणी किंवा हळद पाजून उलटी काढायचा प्रयत्न मात्र करू नका. मिठाच्या पाण्यानंच मांजर जास्त आजारी पडतं.

तीन गोष्टी आठवून बघा. कुत्र्याच्या खाण्यात औषधाची गोळी मिसळली होती का? त्यात कांदा, लसूण, मनुके किंवा चॉकलेट होतं का? की मांजरानं मऊ, ओलसर, चघळायचं ट्रीट खाल्लं? पहिल्या दोन्हींत लक्षणांची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा. तिसऱ्यात पाकिटावर ‘प्रॉपिलीन ग्लायकॉल’ लिहिलंय का ते बघा. कुत्र्यांच्या काही मऊ ट्रीट्समध्ये ओलावा टिकवण्यासाठी हे वापरतात. मांजराच्या तांबड्या रक्तपेशींना ते सोसत नाही, म्हणून अमेरिकेत १९९६ साली मांजरांच्या खाद्यात त्याला मनाई झाली. एक तुकडा खाल्ल्यानं अनर्थ होणार नाही, पण रोजची सवय नको.

डॉग फूडमध्ये असं काय कमी असतं?

पहिली गोष्ट टॉरिन. हे अमिनो आम्ल मांस, मासे आणि विशेषतः हृदयात असतं. कुत्रा ते बऱ्यापैकी स्वतःच्या शरीरात तयार करतो. मांजराला ते फार थोडं बनवता येतं आणि पित्तरसावाटे ते सतत बाहेर जात असतं, म्हणजे आवक कमी आणि खर्च रोजचा. टॉरिन कमी पडलं की डोळ्यातला पडदा (रेटिना) खराब होतो आणि हृदयाचा स्नायू पातळ, ढिला होऊन हृदय फुगतं. डोळ्यांचा संबंध १९७५ साली आणि हृदयाचा १९८७ साली संशोधनातून पुढे आला. १९८७ च्या अभ्यासातली बरीच मांजरं चक्क बाजारातलं कॅट फूडच खात होती. त्यानंतर कंपन्यांनी कॅट फूडमधलं टॉरिन वाढवलं. डॉग फूडला तशी सक्ती नाही.

दुसरी गोष्ट प्रथिनं. खाण्यात प्रथिनं कमी झाली तर कुत्र्याचं यकृत त्यांचा वापर आटोक्यात आणतं. मांजराच्या यकृताला ते फारसं जमत नाही, ते प्रथिनं जाळतच राहतं आणि बाहेरून मिळाली नाहीत तर स्वतःच्या स्नायूंतून काढतं. म्हणून अमेरिकेतल्या पशुखाद्य नियामकांच्या ‘आफको’ या संघटनेच्या मानकात प्रौढ कुत्र्यासाठी किमान १८ टक्के प्रथिनं आहेत आणि प्रौढ मांजरासाठी २६. पिल्लांसाठी हेच आकडे २२.५ आणि ३०. प्रौढांसाठी स्निग्धांश अनुक्रमे ५.५ आणि ९ टक्के. हे सगळे आकडे पाणी वजा करून आहेत.

बाकीच्या उणिवा थोडक्यात. गाजर-भोपळ्यातल्या बीटा-कॅरोटिनपासून कुत्रा ‘अ’ जीवनसत्त्व बनवतो, मांजर बनवू शकत नाही. तिला ते प्राणिज स्वरूपातच लागतं. ॲराकिडॉनिक आम्ल हे स्निग्धाम्ल तिला मांसातूनच मिळवावं लागतं. नायसिन आणि थायमिन ही ‘ब’ जीवनसत्त्वंही तिला कुत्र्यापेक्षा जास्त लागतात.

मग टॉरिनची गोळी कुटून डॉग फूडमध्ये टाकली तर?

एक भोक बुजेल, बाकीची तशीच राहतील. टॉरिन पूरक म्हणून द्यायचं की नाही, किती द्यायचं, हे मांजराचं वजन आणि हृदयाची तपासणी बघून डॉक्टर ठरवतात. आणि हो, एनर्जी ड्रिंकच्या डब्यावर टॉरिन लिहिलेलं असतं म्हणून ते चमचाभर पाजू का, असंही विचारतात. अजिबात नाही. त्यातलं कॅफिन मांजरासाठी विष आहे.

आमची मांजर वर्षभर डॉग फूड खाते आणि ठणठणीत आहे. तरी बदलायचं?

हो. ‘ठणठणीत’ हे बाहेरून दिसणारं झालं. डोळ्याचा पडदा महिनोन्‌महिने हळूहळू झिजतो, आणि ओळखीच्या घरात मांजर मिशा आणि सवयीच्या जोरावर बिनधास्त वावरते, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही. फर्निचर हलवल्यावर ती धडकली, किंवा कपाटावर उडी मारताना अंदाज घेत घुटमळू लागली, की शंका येते. डोळ्याची झालेली हानी भरून येत नाही. हृदयाचं तसं नाही, टॉरिन वेळेत सुरू केलं तर ते बरंच सावरू शकतं. म्हणूनच ‘आता झालं ते झालं’ म्हणून सोडून देऊ नका.

घरी बघता येण्यासारख्या खुणा अशा: अंगावरची चमक गेली, पाठीचा कणा हाताला लागू लागला पण पोट तसंच आहे, खेळणं कमी झालं, उजेडातही डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्याच राहतात. मांजर गाढ झोपली असताना छातीची हालचाल मोजा. एक श्वास आत आणि बाहेर मिळून एक. मिनिटाला ३० पेक्षा जास्त वारंवार भरत असेल तर हृदयाची तपासणी करून घ्या. तोंड उघडं ठेवून धापा टाकणं, किंवा अचानक मागचे पाय लुळे-थंड पडून मांजर ओरडू लागणं, यात सकाळ होण्याची वाट बघायची नसते.

दोन्ही पाकिटांवर प्रोटीन जवळपास सारखंच दिसतं. मग फरक कुठे?

आधी पाणी वजा करा. समजा डॉग फूडच्या कोरड्या दाण्यांवर प्रोटीन २० टक्के आणि ओलावा १० टक्के लिहिलाय. कोरडा भाग ९०, म्हणून २० भागिले ९०, म्हणजे २२ टक्के. कॅट फूडवर ३० आणि १०, तर ३३ टक्के. आता ग्रेव्हीचं पाऊच घ्या: प्रोटीन फक्त ८, पण ओलावा ८०. कोरडा भाग २०, म्हणून ८ भागिले २०, म्हणजे ४० टक्के. पाकिटावर सगळ्यात लहान दिसणारा आकडा प्रत्यक्षात सगळ्यात मोठा निघतो.

नंतर मागची बाजू वाचा. घटकांत टॉरिन वेगळं लिहिलेलं हवं. पहिल्या दोन-तीन घटकांत चिकन, मासे किंवा त्यांची पावडर हवी. मका, तांदूळ, गहू आधी आले तर दुसरं बघा. ‘कम्प्लीट अँड बॅलन्स्ड’ असेल तर रोजचं जेवण, ‘कॉम्प्लिमेंटरी’ असेल तर खाऊ. ट्यूबमधून चाटवतात ती क्रीम बहुतेकदा दुसऱ्या प्रकारातली असते, हे अनेकांना ठाऊक नसतं.

महाग पडतं हो. अर्धं-अर्धं मिसळलं तर?

हिशेब करून बघा. नसबंदी झालेल्या, घरातच राहणाऱ्या ४ किलोच्या मांजराला दिवसाला साधारण २०० कॅलरी पुरतात. कोरड्या कॅट फूडमध्ये १०० ग्रॅमला ३५० ते ४०० कॅलरी असतात. म्हणजे दिवसाला ५० ते ५५ ग्रॅम, महिन्याला दीड किलोच्या आसपास. बऱ्याच घरांत वाटी कायम शिगोशीग भरलेली असते आणि दुप्पट खाणं जातं, महाग पडतं ते तिथे. स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकदा मोजून त्या मापाची वाटी ठरवा. निम्मं डॉग फूड मिसळलं तर निम्म्या जेवणात पुरेशा टॉरिनची खात्री नाही, असा सरळ अर्थ होतो. खाऊ म्हणून द्यायचंच असेल तर एकूण कॅलरींच्या दहाव्या भागापलीकडे नको. दाण्यांत ते ५ ग्रॅमच्या आसपास येतं.

रात्रीचे अकरा वाजलेत, कॅट फूड संपलंय. डॉग फूड देऊ का?

घरात अंडं किंवा चिकन असेल तर ते आधी. बिनमिठाचं, बिनमसाल्याचं, हाडं काढलेलं उकडलेलं चिकन द्या, आणि ज्या पाण्यात शिजवलं ते फेकू नका. टॉरिन पाण्यात उतरतं, त्यामुळे तेच कोमट करून वर ओता. ४ किलोच्या मांजराला दिवसभरात १०० ग्रॅम शिजलेलं चिकन आणि अर्धं उकडलेलं अंडं पुरे. यातलं काहीच नसेल तर मांसाहारी डॉग फूड कोमट पाण्यात भिजवून एक-दोन दिवस चालेल. उपाशी ठेवण्यापेक्षा ते बरं. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस जेवली नाही तर यकृतात चरबी साठून जीवावर बेततं.

दूध-पोळी हा पर्याय नाही. मोठ्या मांजरांना दुधातली साखर बहुधा पचत नाही आणि पोळीत तिच्या कामाचं काही नसतं.

आमचं घर शाकाहारी आहे. व्हेज डॉग फूड मांजराला चालेल का?

या पानावरच्या सगळ्या पर्यायांत हा सगळ्यात वाईट. वनस्पतींत टॉरिन जवळपास नसतंच, ॲराकिडॉनिक आम्ल नाही, प्राणिज ‘अ’ जीवनसत्त्वही नाही. कुत्रा नीट आखलेल्या शाकाहारी खाण्यावर राहू शकतो, मांजर नाही. घरात मांस शिजवायचं नसेल तर बंद पाकिटातले कोरडे दाणे हा मधला मार्ग आहे: शिजवणं नाही, वास कमी, भांडं वेगळं. तेही नको असेल तर मांजर पाळायचा विचार पुन्हा करावा, हे स्पष्ट सांगितलेलं बरं.

मांजरीच्या पिल्लाला पपी फूड?

नको. पपी फूडमध्ये प्रथिनं मोठ्या कुत्र्याच्या खाण्यापेक्षा जास्त असतात, त्यामुळे ते जवळचं वाटतं. पण पिल्लाची गरज त्याहून वरची आहे आणि टॉरिनचा प्रश्न तसाच राहतो. शिवाय दाणे मोठे आणि टणक असतात. चार-पाच आठवड्यांच्या पिल्लाला किटन फूड कोमट पाण्यात पंधरा मिनिटं भिजवून, काट्यानं ठेचून, दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं द्या. निव्वळ चिकन खाऊ घालून पिल्लू वाढवणारेही बरेच आहेत. मांसात कॅल्शियम नगण्य, त्यामुळे हाडं ठिसूळ होऊन पिल्लू लंगडायला लागतं.

कुत्र्यासाठी चिकन-भात शिजतो. त्यातलाच घास मांजराला दिला तर?

साधा उकडलेला असेल तर घासभर चालेल. भात हा मांजरासाठी नुसता भर आहे, चिकन वेगळं काढून द्या. अडचण असते ती उरलंसुरलं वाढण्याची. सावजी रश्श्यातलं मटण पाण्यानं धुऊन दिलं तरी कांदा-लसणाचा अर्क त्यात मुरलेला असतो. कांदा आणि लसूण मांजराच्या तांबड्या पेशी फोडतात. शिजवल्यानं किंवा वाळवल्यानं तो गुण जात नाही. खाल्ल्यावर दोन-चार दिवसांनी हिरड्या पांढुरक्या, लघवी गडद आणि मांजर मलूल दिसली तर कारण हे असू शकतं. शिजलेली हाडं कुणालाच नकोत.

चिकनच्या दुकानातून पोटा-कलेजी आणत असाल तर त्यातली हृदयं मांजरासाठी काढून ठेवा, टॉरिनच्या दृष्टीनं ती उत्तम. कलेजी आठवड्यातून एक-दोनदा, एका वेळी १० ते १५ ग्रॅम. रोज कलेजी म्हणजे ‘अ’ जीवनसत्त्वाचा अतिरेक, त्यानं मानेचे आणि पाठीचे मणके आखडतात.

गल्लीतल्या मांजरी तर कुत्र्यांसाठी टाकलेले दाणेच खातात. त्या कशा जगतात?

नागपूरच्या महाल, इतवारी भागांतल्या जुन्या वाड्यांत आणि धान्याच्या गोदामांजवळ राहणारी मांजर दाण्यांसोबत उंदीर, पाली, किडेही खाते. अख्ख्या उंदरातून टॉरिन मिळतं. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमधल्या मांजरीला ती सोय नाही. शिवाय गल्लीतली किती मांजरं कमी वयात जातात हे आपण मोजत नाही, जी दिसतात ती टिकलेली असतात. रोज खायला घालत असाल तर मांजरांची जागा भिंतीवर किंवा गच्चीच्या जिन्यात उंचावर ठरवा, कुत्र्यांना आधी वाढा, आणि अर्ध्या तासानं उरलेलं उचला.

एकाच घरात दोघं आहेत. वेगळं कसं ठेवायचं?

कुत्र्यासाठी उंची पुरते, मांजरासाठी नाही. तिचं भांडं खिडकीच्या कट्ट्यावर किंवा टेबलावर ठेवलं की कुत्रा पोहोचत नाही. पण कुत्र्याचं भांडं कुठेही ठेवा, मांजर येणारच. म्हणून उपाय वेळेचा आहे. दोघांच्या जेवणाच्या वेळा ठरवा, कुत्र्याचं भांडं १५-२० मिनिटांनी रिकामं असो वा नसो, उचला आणि धुवा, कारण तळाशी चिकटलेली चरबीच मांजराला बोलावते. दिवसभर चरत खाणारा कुत्रा असेल तर तो दार लावून जेवेल अशी व्यवस्था करा. मांजर डॉग फूडवर तुटून पडते म्हणजे तिला त्याची गरज आहे असं नाही. दाण्यांवर प्राण्यांची चरबी आणि चव फवारलेली असते.

आणि कुत्र्यानं कॅट फूड खाल्लं तर?

एखाद्या वेळी विशेष काही नाही. रोज खाल्लं तर वजन वाढेल, पोट बिघडेल, आणि जास्त चरबीमुळे स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. वारंवार उलट्या आणि पाठ वाकवून उभं राहणं दिसलं तर दाखवा.

नागपूरच्या उन्हाळ्यात काही वेगळं करायचं का?

हो, आणि इथे डॉग फूडचे कोरडे दाणे दुहेरी नडतात. ४ किलोच्या मांजराला दिवसाला साधारण २०० मिलिलिटर पाणी लागतं, त्यात खाण्यातलं पाणीही आलं. ८५ ग्रॅमच्या पाऊचमधून जवळपास ६८ मिलिलिटर मिळतं. ५५ ग्रॅम दाण्यांतून जेमतेम पाच-सहा. मांजराला तहान उशिरा लागते. नवतपात पारा ४५ कडे जातो तेव्हा फक्त दाण्यांवर असलेल्या मांजरीची लघवी घट्ट होते.

सकाळी सहाच्या आत आणि रात्री नवानंतर मुख्य जेवण द्या, दुपारी ती फारशी जेवणार नाही. ओलं खाणं तासाभरापेक्षा जास्त बाहेर ठेवू नका. उघडलेलं पाऊच झाकून फ्रिजमध्ये, दोन दिवसांत संपवा. पाणी तीन-चार ठिकाणी, जेवणापासून लांब. मातीच्या परळात ते गार राहतं. मुंग्यांसाठी खाण्याचं भांडं पाण्याच्या ताटलीत ठेवा. कूलरच्या टाकीतलं पाणी प्यायची सवय लावू नका.

बोका सारखा ट्रेमध्ये बसतो पण लघवी होत नाही. खाण्याशी संबंध आहे?

असू शकतो. कॅट फूडमध्ये मॅग्नेशियमसारखी खनिजं आणि लघवीचा पीएच यांचा विचार केलेला असतो, डॉग फूडमध्ये मांजराच्या हिशेबानं नाही. त्यात पाणी कमी पडलं की खडे आणि गाळ होतो. बोक्याची मूत्रनळी अरुंद, ती तुंबते. पण संबंध नंतर शोधा. जोर लावतोय, ओरडतोय, थेंब-थेंब किंवा काहीच नाही, तर त्याच दिवशी, त्याच तासाला दवाखाना गाठा. पूर्ण तुंबलेला बोका एक-दोन दिवसांत दगावू शकतो.

डॉग फूडची सवय लागलीय, कॅट फूडला तोंड लावत नाही.

सात ते दहा दिवसांत बदल करा. पहिले दोन-तीन दिवस पाव भाग कॅट फूड, मग निम्मं, मग पाऊण, मग पूर्ण. पातळ शी झाली तर त्याच टप्प्यावर दोन दिवस थांबा. पाऊच गरम पाण्यात पाच मिनिटं बुडवून कोमट केलं की वास सुटतो आणि नाठाळ मांजरही वळते. ‘भूक लागली की खाईल’ हा हट्ट कुत्र्यापुरता ठेवा. मांजरानं २४ तास काहीच खाल्लं नाही तर एक पायरी मागे या, ४८ तास झाले तर डॉक्टरांकडे.

सुटे दाणे स्वस्त मिळतात, घ्यावेत का?

उघड्या पोत्यातले नको. ते कुत्र्याचे की मांजराचे, कधी बनलेले, हेच कळत नाही. मे महिन्यात त्यातली चरबी खवट होते, जुलैत बुरशी धरते, आणि बुरशीचं विष यकृतावर जातं. घरीही दाणे पाकिटासकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि महिना-दीड महिन्यात संपतील एवढीच पिशवी आणा.

खाणं नाही, पण कुत्र्याचं गोचिडाचं औषध मांजराला लावलं तर?

हा प्रश्न लोक सहज शेवटी विचारतात, आणि धोका डॉग फूडपेक्षा कितीतरी मोठा आहे. परमेथ्रिन असलेलं कुत्र्यांचं मानेवर टाकायचं औषध मांजराच्या जीवावर उठतं. अमिट्राझचं गोचिडाचं पाणीही नको. लागलंच असेल आणि मांजर शुद्धीत, शांत असेल तर कोमट पाणी आणि भांडी घासायच्या साबणानं धुवा, टॉवेलनं कोरडी करा आणि दवाखान्याकडे निघा. थरथर किंवा झटके सुरू झाले असतील तर धुण्यात वेळ घालवू नका, थेट दवाखाना गाठा. कुत्र्याला औषध लावल्यावर दोघांना तीन दिवस एकत्र झोपू देऊ नका. माणसांची पॅरासिटामॉल अर्धी गोळीसुद्धा नको.

तपासणीला जाताना काय न्यायचं?

सेमिनरी हिल्सवरच्या नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात जा किंवा जवळच्या खासगी डॉक्टरांकडे, माहिती तीच लागते: डॉग फूडच्या पाकिटाचा मागच्या बाजूचा स्पष्ट फोटो, ते किती महिने आणि दिवसाला किती ग्रॅम दिलं, सोबत आणखी काय खाते, आधीचं आणि आत्ताचं वजन. झोपेतल्या श्वासांचा मिनिटभराचा व्हिडिओ घरीच काढून ठेवा, दवाखान्यात घाबरलेल्या मांजराचे श्वास मोजून उपयोग नसतो. डॉग फूडवर सहा महिन्यांहून जास्त गेले असतील तर डोळ्याच्या पडद्याची तपासणी आणि हृदयाची सोनोग्राफी करायची का, हे स्वतःहून विचारा.